संगणकखोलीचे सोवळे

२०११ साली गूगलने आपल्या एका लहानशा संगणकखोलीचा हिशेब जाहीर केला. खोली चोवीस तास चालणारी होती. ती बंद न ठेवताच तिच्यात २५ हजार डॉलरची कामे करण्यात आली आणि त्यातून वर्षाला सुमारे ६७ हजार डॉलरची वीज वाचू लागली. कामे कोणती, तर शीतगृहांच्या दारांवर लोंबतात तसले प्लास्टिकचे पडदे लावले, एसी यंत्रांची हवा परत ओढणारी तोंडे पत्रा जोडून उंच नेली, त्या यंत्रांना एक नवा नियंत्रक बसवला आणि खोलीचे तापमान २७ अंशांपर्यंत जाऊ दिले. सर्व्हर तेच राहिले आणि नवा चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, तोही आणावा लागला नाही. पडदे आणि पत्रा ही काही एकविसाव्या शतकाची विद्या नव्हे. १९७५ सालच्या कोणत्याही कारखान्यातला फिटर ही कामे आठवड्याभरात करून देऊ शकला असता. मग त्यासाठी २०११ का उजाडावे लागले? चालू डेटा सेंटरमधल्या वीजबचतीचा इतिहास शोधांचा कमी आणि एक प्रथा मोडण्याचा जास्त आहे, असे माझे म्हणणे आहे. संगणकखोली हुडहुडी भरवणारी असलीच पाहिजे, ही ती प्रथा. तिच्यामागचे कारण केव्हाच संपले होते, तरी ती पाळली जात होती. कारण संपल्यावरही जे पाळले जाते त्याला मराठीत सोवळे म्हणतात आणि इथे तो शब्द चपखल बसतो.

मुळात या सोवळ्याला कारण होते आणि ते पक्के होते. १९४६ साली फिलाडेल्फियात लोकांसमोर आलेल्या एनियाकमध्ये सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो दीडशे किलोवॉटच्या आसपास वीज खाई. ही सगळी वीज अखेर उष्णता होऊन खोलीत उतरत असल्याने मोठे पंखे लावून ती बाहेर ढकलावी लागे. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली उभ्या राहिलेल्या टिफ्रॅकमध्येही नळ्याच होत्या. पुढे नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, यंत्रे सोशिक झाली, पण तोवर खोलीत दुसरी नाजूक वस्तू येऊन बसली होती, ती म्हणजे कागद. पंच कार्ड दमट हवेत ओल शोषून फुगते आणि वाचकयंत्रात अडकते. कोरड्या हवेत त्यावर स्थिर वीज साचून कार्डे एकमेकांना चिकटतात. चुंबकीय फितींचेही थोडेफार असेच. साठच्या दशकात काढ-घाल करता येणाऱ्या डिस्कच्या चवडी आल्या, तेव्हा गार कपाटातून आणलेली चवड उबदार यंत्रात प्रसरण पावे आणि वाचणारे टोक आपली वाट चुके. म्हणून २२ अंशांच्या आसपासचे तापमान आणि निम्म्याच्या जवळपासची सापेक्ष आर्द्रता, दोन्ही घट्ट बांधून ठेवण्याचा नियम झाला. गंमत अशी की वातानुकूलनाचा जन्मही कागदापायीच झालेला आहे. १९०२ साली विलिस कॅरियरने आपली पहिली यंत्रणा आखली ती ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी. तिथे दमट हवेने कागद ताणला जाऊन रंगांचे छाप एकमेकांवर नेमके बसत नव्हते. १९६५ साली अमेरिकेतल्या कोलंबसमध्ये राल्फ लिबर्ट यांनी खास संगणकखोल्यांसाठी एसी बनवणारी कंपनी काढली आणि तापमानाबरोबर आर्द्रताही नेमकी सांभाळणारे यंत्र हा एक स्वतंत्र धंदा झाला.

पंच कार्डे ऐंशीच्या दशकात मागे पडली, काढत्या डिस्क गेल्या, सर्व्हर बंद डब्यात आले. नियम मात्र राहिला. आपल्याकडे तर त्याला जोड म्हणून चपला-बूट दाराबाहेर काढायची पद्धत रूढ झाली. धुळीच्या देशात ती अगदीच निराधार नव्हती, पण तिच्यामुळे त्या खोलीला देवघराची कळा आली आणि देवघरातल्या पद्धतींना कोणी कारण विचारत नाही. प्रथा टिकण्याचे खरे कारण मात्र श्रद्धेत नव्हते, ते हिशेबाच्या वह्यांत होते. सर्व्हर सांभाळणाऱ्या विभागाला विजेचे बिल दिसत नसे आणि बिल भरणाऱ्या इमारत विभागाला सर्व्हरला हात लावायची परवानगी नसे. यंत्र बंद पडले तर जबाबदार कोण हे लगेच ठरे. दहा लाख रुपये वाचले तर श्रेय कोणाचे हे ठरवणारी रीतच नव्हती. अशा व्यवस्थेत थर्मोस्टॅट आणखी एक अंश खाली करणारा माणूस मूर्ख नसतो, तो स्वतःपुरता शहाणपणानेच वागत असतो.

याचा परिणाम आकड्यांत सापडतो. अपटाइम इन्स्टिट्यूटने या शतकाच्या सुरुवातीला १९ संगणकखोल्या मोजल्या. त्यांत गरजेच्या सरासरी २.६ पट शीतकरण चालू होते आणि तरीही दहापैकी एका रॅकला पुरेशी गार हवा मिळत नव्हती. अडीचपट गारवा आणि वर गरम कोपरे, हे कोडे उलगडते ते हवा कुठून कुठे जाते हे पाहिल्यावर. फॉल्स फ्लोअर म्हणजे उचललेल्या जमिनीखालून येणारी गार हवा केबलसाठी कापलेल्या भोकांतून वाटेतच निसटे आणि सर्व्हरला न भेटताच एसीकडे परते. रॅकमधल्या रिकाम्या खणांतून मागची गरम हवा पुढे येऊन पुन्हा सर्व्हरच्या नाकात जाई. शेजारशेजारचे दोन एसी तर एकमेकांशी भांडत: एकाच्या संवेदकाला हवा कोरडी वाटली म्हणून तो वाफ सोडी, दुसऱ्याला दमट वाटली म्हणून तो तीच ओल काढून घेई, आणि दोघांच्या विजेचे पैसे मालक भरी. तक्रार आली की उपाय ठरलेला, आणखी एक एसी.

या गोंधळावरचा साधा उपाय १९९२ साली सुचवला गेला होता. आयबीएममधले रॉबर्ट सुलिव्हन यांनी मांडले की रॅकच्या रांगा वर्गातल्या बाकांसारख्या एकामागोमाग एकाच दिशेला तोंड करून लावू नयेत, कारण त्यामुळे पुढच्या रांगेचा गरम उच्छ्वास मागच्या रांगेच्या तोंडात जातो. रांगा समोरासमोर लावाव्यात, म्हणजे एक बोळ गार हवेचा आणि पुढचा गरम हवेचा होतो. पुढे त्या बोळांना दारे-छपरे लागली, रिकाम्या खणांवर झाकणपट्ट्या आल्या, केबलच्या भोकांना ब्रशचे बूच बसले. यातले काहीही महाग नव्हते. हवा मिसळायची थांबली की एसीचे पंखे हळू फिरवता येतात आणि इथे भौतिकशास्त्र घसघशीत बक्षीस देते: पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग वीस टक्क्यांनी उतरवला की वीज जवळजवळ निम्मी होते. व्हीएफडी नावाचे वेगनियंत्रक त्यासाठी बाजारात होतेच. एवढे असूनही गार-गरम बोळांची मांडणी सर्वत्र रुळायला दहा वर्षांहून अधिक लागली. ज्ञान होते, साहित्य होते आणि पैसा तर उलट वाचणार होता. वेळ गेला तो मोजमाप आणि परवानगी या दोन गोष्टींची वाट पाहण्यात.

मोजमाप आले ते एका घबराटीच्या पाठोपाठ. १९९९ साली फोर्ब्समधल्या एका लेखाने अमेरिकेची आठ टक्के वीज इंटरनेट खाते असा दावा केला आणि तो चांगलाच गाजला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत त्या वेळी काम करणाऱ्या जोनाथन कूमी यांनी तो खोडून काढला, पण खरा आकडा किती हे शोधण्याची गरज त्यातून उभी राहिली. २००७ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथल्या संसदेला अहवाल दिला: २००६ साली देशातली डेटा सेंटर सुमारे ६१ अब्ज युनिट वीज वापरत होती, म्हणजे एकूण विजेच्या दीड टक्का. २००७ सालीच ग्रीन ग्रिड या उद्योगसंघाने पीयूई हे गुणोत्तर प्रचारात आणले. संपूर्ण इमारतीत आलेली वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांना पोचलेली वीज, इतकेच ते गणित. उत्तर एक आले तर वरखर्च शून्य, दोन आले तर संगणकाच्या एका युनिटमागे एक युनिट एसी, यूपीएस आणि दिव्यांत गेले. अपटाइमच्या अंदाजाने २००७च्या सुमारास सरासरी अडीच होती. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हणसुद्धा इतकी अचूक बसत नाही, कारण इथे मसाला दीडपटच आहे, पण रोख तोच. पीयूईमुळे प्रथमच दोन विभागांच्या दोन वह्या एका ओळीत आल्या आणि ती ओळ संचालकांच्या टेबलावर जाऊ लागली.

परवानगी आली अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेकडून, आणि माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. २००४ साली तिच्या एका समितीने सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेसाठी २० ते २५ अंश ही शिफारस छापली. तोवर प्रत्येक निर्माता आपापल्या पुस्तिकेत वेगळा आकडा देई. संमिश्र यंत्रे असलेल्या खोलीत त्यातला सर्वांत कडक आकडा पाळावा लागे, कारण हमी गमावण्याची भीती. समितीत निर्माते स्वतःच बसले असल्यामुळे तिच्या आकड्याला वजन आले. २००८ साली तो पट्टा १८ ते २७ अंशांपर्यंत रुंद झाला. २०११ साली यंत्रांचे वर्ग पाडून काहींना ४०, काहींना ४५ अंशांपर्यंतची मुभा मिळाली, आणि २०१५ साली, स्थिर विजेचा नव्याने अभ्यास झाल्यावर, कोरडेपणाची मर्यादाही बरीच सैल झाली. पंच कार्डाचे भूत कागदोपत्री उतरायला असा अर्धशतकाहून अधिक काळ लागला. २७ हा आकडा कोणाच्या संशोधनात नव्याने सापडला नव्हता. यंत्रे तो आधीपासूनच सोसत होती. आता तो लावला म्हणून कोणाची नोकरी जाणार नव्हती, एवढाच फरक पडला होता.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणसांचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: उष्णतेने यंत्रे मरतात, वाचलेली वीज सुट्या भागांत जाईल. याचे उत्तर प्रयोगांनी दिले. इंटेलने २००७-०८ मध्ये न्यू मेक्सिकोत सुमारे ९०० सर्व्हर दोन भागांत विभागले. एका भागाला नेहमीचा गारवा दिला, दुसऱ्याला बाहेरची वाळवंटी हवा ३२ अंशांपर्यंत तशीच, जुजबी गाळणीतून सोडली. दहा महिन्यांत सर्व्हरवर धूळ चढली. बाहेरच्या हवेच्या भागात बिघाडाचे प्रमाण ४.४६ टक्के निघाले, तर इंटेलच्या मुख्य केंद्रात त्याच काळात ते ३.८३ टक्के होते. मायक्रोसॉफ्टच्या दोन अभियंत्यांनी तर पाच सर्व्हर एका तंबूत ठेवले, आणि तंबूत पाणी ठिबकले तरी ते चालत राहिले. पाच सर्व्हर म्हणजे संख्याशास्त्र नव्हे, हे मान्य. पण गूगलने २००७ साली लाखाहून अधिक हार्ड डिस्कवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मध्यम तापमानाच्या पट्ट्यात उष्णता वाढली म्हणून बिघाड वाढल्याचे दिसले नाही, उलट फार गार डिस्क अधिक बिघडलेल्या दिसल्या. टोरोंटो विद्यापीठाच्या २०१२च्या अभ्यासाने तापमानाचा परिणाम समजुतीपेक्षा बराच सौम्य असल्याचे सांगितले. इंटेलचा सुमारे ०.६ टक्क्याचा फरक शून्य नाही. ज्याला एक बिघाडही परवडत नाही त्याने त्याकडे पाहावे. पण इंटेलच्याच अंदाजाने त्या बदल्यात शीतकरणाची दोनतृतीयांश वीज वाचत होती आणि सर्व्हर तेव्हा तीन-चार वर्षांत बदललेच जात.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. खोली २७ अंशांच्या पुढे नेली की सर्व्हरच्या पोटातले छोटे पंखे जोरात फिरू लागतात. ती वीज पीयूईच्या व्याख्येत संगणकाची धरली जाते, म्हणून गुणोत्तर सुधारते आणि बिल मात्र वाढते. हे अगदी खरे आहे. सोवळे मोडणाऱ्यांनी पीयूईचे नवे सोवळे उभे केले आणि काही ठिकाणी ते जाहिरातीसाठीच पाळले गेले. चालू केंद्रातल्या शहाण्या अभियंत्याने म्हणून मुख्य मीटरवरचा आकडा पाहावा, गुणोत्तर नंतर. यालाच लागून तिसरी अडचण येते. वीज गेल्यावर डीजी सेट काही सेकंदांत उचलतात, पण बंद पडलेला चिलर पुन्हा पूर्ण गारवा देईपर्यंत काही मिनिटे जातात. २० अंशांवरची खोली तेवढा वेळ सहज काढते, २७ अंशांवरची बंदिस्त बोळांची खोली काढेलच असे नाही. उपाय आहेत: गार पाण्याची साठवण टाकी, पंप आणि पंखे यूपीएसवर घेणे. ते खर्चाचे आहेत, आणि नव्या इमारतीपेक्षा चालू इमारतीत बसवणे जिकिरीचे. बोळाला छप्पर घालायचे तर आग विझवण्याच्या वायूची आणि फवाऱ्यांची आखणी पुन्हा करावी लागते. जमिनीची फरशी कापताना धातूचा कीस उडू द्यायचा नसतो. एसी एकेक करून बंद ठेवत, प्रत्येक वेळी रॅकच्या तोंडाचे तापमान मोजत, दोन-दोन आठवडे थांबत पुढे जावे लागते. प्रथा मोडणे स्वस्त असते असे मी म्हणत नाही, त्यापेक्षा यंत्रे बदलणे बहुतेक वेळा महाग पडते एवढेच म्हणतो.

सर्वांत जड आक्षेप इतिहासाच्या वाचनाबद्दलच आहे. बचत झाली ती जुन्या खोल्या सुधारल्याने नव्हे, तर जुन्या खोल्यांतले काम गूगल-ॲमेझॉनसारख्यांच्या प्रचंड नव्या केंद्रांत हलवल्याने, असे म्हणता येते, आणि आकडे त्याला बळ देतात. २०१० ते २०१८ या काळात जगातल्या डेटा सेंटरचे काम साडेपाच पटींनी वाढले, पण वीज केवळ सहा टक्क्यांच्या आसपास वाढली, असा एरिक मॅसनेट आणि सहकाऱ्यांचा २०२०चा निष्कर्ष आहे. त्यातला मोठा वाटा आभासी सर्व्हरांचा (एकाच यंत्रावर अनेक सर्व्हर चालवण्याचा), चांगल्या चिपचा आणि स्थलांतराचा आहे. दुसरीकडे अपटाइमच्या पाहणीतली सरासरी पीयूई २०१३ पासून १.६च्या आसपास येऊन जवळपास तिथेच अडकली आहे. म्हणजे पडदे-झाकणांची सोपी फळे तोडून झाली. एवढे मान्य करूनही माझा मुद्दा उभा राहतो, कारण आभासी सर्व्हरांच्या मार्गातही तीच प्रथा आडवी आली होती. २०१५ साली कूमी आणि जॉन टेलर यांनी सुमारे चार हजार सर्व्हरांच्या नोंदी तपासल्या. त्यातले जवळजवळ तीस टक्के सहा महिन्यांत काहीच कामाचे करत नव्हते, नुसते वीज खात गार हवेत उभे होते. ते कोणाचे आहेत हे कोणाला माहीत नव्हते आणि म्हणून बंद करायला कोणी धजत नव्हते. हे सर्व्हर आणि तो २२ अंशांचा आकडा, दोन्हींचा उगम एकाच भीतीत आहे. वाचलेली वीज नव्या कामांनी गिळली, हा आक्षेपही लोक घेतात. तो खरा असला तरी त्याचा रोख वापराच्या भुकेकडे आहे. भूक वाढली म्हणून भांड्याला भोक पाडून ठेवावे असे त्यातून निघत नाही.

या कथेचा मुंबईशी संबंध हवामानाचा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जिथे पूर्वी रसायनांचे आणि अभियांत्रिकीचे कारखाने होते, तिथे देशातल्या सर्वांत मोठ्या डेटा सेंटरांपैकी कित्येक उभी आहेत, कारण समुद्राखालच्या केबल मुंबईत उतरतात आणि वित्तव्यवसाय इथे आहे. न्यू मेक्सिकोची कोरडी हवा किंवा फिनलंडमधल्या हामिना इथे गूगल वापरते ते थंड समुद्राचे पाणी इथे नाही. खिडकी उघडून फुकट गारवा घेण्याचा मार्ग कोकणच्या दमट हवेत बहुतांश बंद आहे. म्हणून इथली बचत चिलरच्या पाण्यातच शोधावी लागते. परंपरेने ते पाणी ७ अंशांना पाठवतात. तापमान एकेक अंशाने वर नेले की चिलरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी उतरते, आणि हवा २७ अंशांची चालत असेल तर पाणी १५-१८ अंशांना पाठवूनही काम होते. वर ते पाणी दवबिंदूच्या खाली नसल्याने हवेतल्या ओलीचे विनाकारण पाणी करून काढण्याचा खर्चही वाचतो, आणि ओलीच्या शहरात तो लहान नसतो.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप एका रॅकमध्ये पूर्वीच्या अनेक रॅकांइतकी वीज घेतात आणि हवेने त्या गार होत नाहीत, म्हणून पाणी पुन्हा थेट यंत्रापर्यंत येत आहे. पुन्हा म्हणायचे कारण असे की आयबीएमचे मोठे संगणक साठच्या दशकापासून नव्वदच्या मध्यापर्यंत पाण्यावरच होते. मात्र या वेळचे पाणी गार असण्याची गरज नाही. म्युनिकजवळच्या गार्चिंग इथला सुपरमक हा महासंगणक २०१२ पासून ४० अंशांच्या आसपासच्या पाण्यावर चालवून दाखवला गेला. मुंबईच्या पावसाळ्यातही कूलिंग टॉवर ३२-३३ अंशांचे पाणी देऊ शकतो, म्हणजे तत्त्वतः तेवढ्या भारापुरता चिलर वर्षभर बंद ठेवता येईल. अडचण अभियांत्रिकीची नाही. भाड्याने जागा देणाऱ्या केंद्रांत तापमान करारात लिहिलेले असते. भाडेकरू बँक किंवा विमा कंपनी जुना आकडा मागते, कारण तिच्या लेखापरीक्षकाच्या यादीत तोच आहे. वीज मात्र वेगळ्या कलमाने, मीटरप्रमाणे आकारली जाते, आणि ते बिल तिच्याकडच्या दुसऱ्याच विभागात जाते.